तिथी बघून पाण्यात उतरा: ठाणे खाडीतली कयाक आणि कोळी बांधवांची डोल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळच्या एका गटाने मिळून सहा कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान होड्या, घेतल्या. बेत साधा होता: रविवारी सकाळी सहाला उतरायचं, उन्हं तापायच्या आत परत. पण दोनदा ते चिखलात अडकले. एकदा डोलीच्या, म्हणजे खाडीत बांधलेल्या मासेमारीच्या जाळ्याच्या, दोरात कयाक गुंतली आणि होडीवरच्या कोळी दादांशी शब्दाने शब्द वाढला. आता ते विचारतात, की पाणी सगळ्यांचं नाही का? मग आम्ही कुठं जायचं, कुणाला विचारायचं आणि कुणाला वाट द्यायची?

मी या खाडीत बरीच वर्षं वल्हवते आहे आणि शिकवतेही. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुम्ही वार बघून उतरता आणि खाडी तिथीवर चालते.

आपल्याकडे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास भरती. आता त्याच पौर्णिमेच्या सकाळी सहाला खाडीत काय असेल ते बघा. पूर्ण ओहोटी. आणि ती साधीसुधी नव्हे, उधाणाची. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो. पाणी मधल्या नाळेत, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेत, आकसतं आणि दोन्ही बाजूंना फर्लांगभर चिखल उघडा पडतो. तुम्ही दोनदा अडकलात ते याच गणिताने. पंचांग काढून त्या दोन रविवारांच्या तिथी बघा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच्या निघतील, किंवा त्यानंतरच्या चार-सहा दिवसांतल्या. तृतीया ते षष्ठी या तिथींना भरती दुपारी सव्वादोन ते साडेचारला येते, म्हणून सकाळी आठ-दहाला ओहोटीचा तळ लागतो. सकाळी फिरायला निघणाऱ्यांसाठी ते दिवस वाईटच.

आता डोलीकडे येऊ. डोल म्हणजे शंकूच्या आकाराचं लांब जाळं. त्याचं रुंद तोंड खुंटांना किंवा दोरांना बांधून प्रवाहाच्या समोर धरलेलं असतं. डोल माशामागे धावत नाही, पाणीच मासा तिच्यात आणून टाकतं. कोळंबी, जवळा, बारीक मासळी सगळी प्रवाहाबरोबर आत येते आणि शेपटीत साठते. म्हणून डोलीचं सगळं उत्पन्न पाण्याच्या ओढीवर उभं आहे. उधाणाला ओढ जोरात, मासळी जास्त. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचे दिवस येतात तेव्हा भरती-ओहोटीतला सरासरी फरक दीड मीटरवर उतरतो, ओढ मंदावते आणि डोलीला फारसं काही लागत नाही. त्या दिवसांत पुष्कळ होड्या बंदरातच असतात आणि जाळी दुरुस्तीला निघतात.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. डोल उचलायची वेळ म्हणजे पाणी थांबतं ती. ओहोटी संपून भरती लागायच्या आत, मधल्या थोड्या वेळात, जाळं वर घ्यावं लागतं, कारण प्रवाह उलटला की तोंड फिरतं. त्या वेळी होडी आडवी धरलेली असते, दोन्ही हात दोरावर असतात, नजर जाळ्यात असते. उधाणाच्या दिवशी सकाळी सहाला पाणी थांबलेलं असतं. म्हणजे तुम्ही ज्या क्षणी उत्साहाने सहा कयाक घेऊन पाण्यात पोहोचलात, त्या क्षणी समोरच्याच्या पंधरवड्यातल्या सर्वांत मोलाच्या कामाची ती घटका होती. त्याचा आवाज चढला यात मला नवल वाटत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत आग्रहाचं सांगणं हे, की भांगाचे दिवस कयाकसाठी घ्या आणि उधाणाचे दिवस डोलीला सोडा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांतल्या अष्टमी ते एकादशी या तिथी बघा. भरती सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान येते, ओढ कमी असते, ओहोटीलाही पाणी फार खोल उतरत नाही, म्हणून चिखलात अडकायची भीती कमी, आणि जाळीही कमी. तुम्हाला हवी असलेली वेळ, सोपं पाणी आणि मोकळी खाडी हे तिन्ही एकाच वेळी मिळतं. शनिवार-रविवार मिळून अशा सकाळी महिन्याला साधारण दोन-तीन निघतात. तेवढ्यावर भागत नसेल तर द्वादशी-त्रयोदशीला नऊ ते पावणेदहाची भरती धरून अनुभवी लोकांनी जावं, पण ओढ वाढू लागलेली असते हे मनात ठेवून. बाकीच्या रविवारी येऊरच्या डोंगरावर चढा, सायकल चालवा.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. मुंबईच्या भरतीची छापील वेळ अपोलो बंदराची असते आणि पाणी तिथून वाशी, ऐरोली, ठाणे असं चढत येतं, म्हणून आत उशीर होतो. तुम्ही ज्या बंदरावरून उतरता तिथे काही सकाळी नुसतं उभं राहून पाणी कधी थांबलं ते वहीत टिपा आणि छापील वेळेशी ताडून बघा. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, तोही फरक लिहा. अशी वही असलेला माणूस गटात एक तरी हवा. मोबाइलवरचं भरतीचं अॅप उपयोगी आहेच, पण ते तुमच्या बंदराचं नाही.

आता हक्काचा प्रश्न. पाण्यावरून जायला मज्जाव नाही हे खरं. पण खाडी मोकळी, रिकामी जागा आहे असं समजून कुणी उतरत असेल तर त्याने नवी मुंबईचा इतिहास एकदा वाचावा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, करावे, ऐरोली, घणसोली ही गावं शहराच्या आधीची आहेत. चेंदणी कोळीवाडा तर ठाण्यात रेल्वे आली त्याच्याही आधीचा. भरावाने खाडीचे फाटे बुजले, कारखान्यांचं पाणी आलं, पुलांच्या कामाने जाळी लावायच्या जागा गेल्या. न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदराच्या विस्ताराने बाधित झालेल्या उरण-पनवेलकडच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून जास्त भरपाई द्यावी असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांच्या पारंपरिक हक्काची दखल घेऊन भरपाईची वाट मोकळी केली. ही माणसं आपल्या जागेसाठी कोर्टापर्यंत गेलेली आहेत. तेव्हा ‘पाणी सगळ्यांचं आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडावर टाकू नका. तुम्ही दोन तासांसाठी येता आणि त्यांची चूल त्या पाण्यावर पेटते. हे दोन हक्क माझ्या मते एका मापाचे नाहीत, आणि हे मी स्पष्टच सांगते.

नियमही याच बाजूचे आहेत. समुद्रावर टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत मासेमारीत गुंतलेल्या होडीला यांत्रिक बोटीने वाट द्यायची आणि शिडाच्या होडीनेही द्यायची असं आहे. वल्ह्याच्या होडीला खास अग्रक्रम कुठेच दिलेला नाही. अरुंद नाळेत तर वीस मीटरपेक्षा लहान कुठल्याही होडीने, फक्त त्याच नाळेतून जाऊ शकणाऱ्या मोठ्या बोटीला अडथळा करायचा नाही. अनेकांना वाटतं, आम्हाला इंजिन नाही म्हणजे सगळे आमच्यासाठी थांबतील. कुणी थांबणार नाही, आणि थांबायला बांधीलही नाही.

जाळ्यांजवळ कसं वागायचं ते आता तपशिलाने सांगते, कारण शिकवणारे पुष्कळदा हेच गाळतात.

आधी ओळखायला शिका. एका रांगेत पाण्याबाहेर डोकावणारे खुंट दिसले की तिथे डोल आहे किंवा असू शकते असंच धरा. प्लास्टिकचे डबे, थर्माकोलचे तुकडे, जुने कॅन एका ओळीत तरंगत असतील तर तो कचरा नव्हे, जाळ्याची जागा दाखवणारे बोये आहेत. आपल्या खाडीत खरा कचरा इतका आहे की नवख्याला फरक कळत नाही. युक्ती अशी, की कचरा प्रवाहाबरोबर वाहतो आणि बोया जागेवर राहून पाणी कापतो. त्याच्या खालच्या अंगाला पाण्याची छोटी रेघ उठलेली दिसते.

डोलीला वळसा नेहमी शेपटीच्या पलीकडून घाला, म्हणजे प्रवाह जिकडे जातो त्या बाजूने. तोंडासमोरून, वरच्या अंगाने जायचा मोह टाळा. प्रवाह तुम्हाला जाळ्याच्याच दिशेने नेत असतो आणि वल्हं थांबलं की तुम्ही खुंटांवर जाऊन आदळता. आडवी कयाक खुंटाला टेकली आणि वरून पाणी रेटू लागलं की ती उलटते. ती उलटली की माणूस दोर आणि खुंटांमध्ये अडकतो. खाडीतल्या कयाकच्या अपघातांत मला सर्वांत जास्त धास्ती याची वाटते. खुंट दिसताच, म्हणजे शंभर-दोनशे मीटर आधीच, कयाकचं नाक प्रवाहाच्या वर तिरकं धरून बाजूला सरका. जवळ आल्यावर सुचलेलं काही कामाला येत नाही. तरीही एखाद्या खुंटाला किंवा पुलाच्या खांबाला आडवे लागलातच, तर अंग खांबाकडे झुकवा, त्याला मिठी मारल्यासारखं. भीतीने माणूस उलट्या बाजूला झुकतो आणि वरच्या अंगाचं पाणी लगेच कयाकमध्ये शिरतं.

पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकणारा माणूस वेगळा. तो कंबरभर पाण्यात किंवा छोट्या होडीच्या टोकावर उभा असतो, हातात जाळं गोळा केलेलं, नजर पाण्यावर. बोईट माशांचा थवा जवळ यायची तो वाट बघत असतो. तुमच्या वल्ह्याचा एक फटका पाण्यावर वाजला की थवा फुटतो आणि त्याची अर्ध्या तासाची वाट बघणं वाया जातं. अशा वेळी वल्हं मांडीवर ठेवा आणि तरंगत राहा. त्याने पाग फेकला की हात करा, मागच्या बाजूने निघा. मी गटाला हे करायला लावते तेव्हा बहुतेक वेळा समोरून हात वर होतो, आणि कधी कधी ‘म्होरं जालं हाय, लांबून जा’ अशी सूचनाही मिळते. ती सूचना कुठल्याही नकाशावर सापडत नाही.

दोरात अडकलातच तर कापू नका. जॅकेटला लावलेली सुरी फक्त जीव वाचवायला आहे. प्रवाहात स्थिर व्हा, सुकाणू आणि तळाची फळी वर घ्या, दोर हाताने खाली दाबून सोडवा. जमत नसेल तर हाक मारून थांबा. जाळं फाटलं, दोर तुटला तर पळून जाऊ नका. नाव विचारा, त्याच दिवशी बंदरावर जा आणि दुरुस्तीचे पैसे द्या, त्यात बुडालेल्या भरतीची मजुरीही धरा. तुमच्या बाबतीत भांडण होऊन गेलं आहे, तेव्हा दोघांनी जा, सहाजण जाऊ नका. वयस्कर माणसाला नाखवा म्हणा. आधी झालेल्या नुकसानाचं विचारा. तुमची बाजू पहिल्या भेटीत मांडूच नका.

बंदरावरची वागणूक पाण्यावरच्या वागणुकीइतकीच महत्त्वाची. सकाळी तिथे मासळी उतरते, बर्फ येतो, टोपल्या घेऊन मावशी बाजाराकडे निघतात. अशा वेळी धक्क्याच्या तोंडाशी दोन गाड्या उभ्या करून टपावरून कयाक उतरवणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाच्या दारात संसार मांडणं. गाड्या लांब लावा, कयाक उचलून आणा. उतारावर होडी येत असेल तर तिला आधी जाऊ द्या. सुकायला घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका, त्यावरून कयाक ओढू नका. मावशींचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जमलं तर परतताना मासळी तिथूनच घ्या. कुणावर उपकार म्हणून नव्हे, ताजी मिळते म्हणून. धक्का सागरी मंडळाचा असो की गावाचा, वापरण्याआधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या माणसांना भेटा आणि महिन्याच्या तुमच्या तारखा कागदावर लिहून द्या. आमच्या गटाच्या तारखा बंदरावरच्या लोकांना पंधरवडा आधी कळतात आणि त्यांनी ‘या दिवशी नको’ म्हटलं की आम्ही ती तारीख खोडतो. कारण विचारत नाही.

भांगाच्या दिवसांचा आणखी एक उपयोग सांगते. डोल बंद असते तेव्हा होडी आणि तिचा माणूस मोकळा असतो. त्याला रोजाने सोबतीला घ्या. सहा-आठ कयाकच्या मागे एक इंजिनची होडी असली की दमलेल्या माणसाला ओढून आणता येतं, मोठ्या बोटींना गट लांबून दिसतो आणि नाळ कुठे सरकली आहे हे सांगणारा माणूस जवळ असतो. त्याला त्या मंद दिवसांत चार पैसे मिळतात. या होडीत पाहुणे बसवायचे नाहीत, प्रवासी नेण्याचा परवाना वेगळा असतो. ती फक्त संरक्षणासाठी. ठाणे-नवी मुंबईत कयाक वाढत जाणार हे तर दिसतंच आहे. ती वाढ कोळीवाड्याला डोकेदुखी व्हावी की जोडधंदा, हे बऱ्याच अंशी आपण कुठल्या तिथीला आणि कुणाला सोबत घेऊन उतरतो यावर ठरेल असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या बोटींबद्दल. बेलापूर, नेरूळच्या दक्षिणेला गेलात की खाडी रुंदावते आणि पुढे न्हावा-शेवा, मुंबई बंदर, अटल सेतू असा वेगळाच व्यवहार सुरू होतो. तिथे नवख्यांनी जाऊच नये. पण बार्ज आणि वेगवान प्रवासी बोटी आतही येतात. वीस नॉटने येणारी बोट मिनिटाला सहाशे मीटर कापते. तुम्ही ताशी पाच किलोमीटरने वल्हवता, म्हणजे मिनिटाला ऐंशी-पंचाऐंशी मीटर. दोनशे मीटरची नाळ ओलांडायला तुम्हाला अडीच मिनिटं लागतात, तेवढ्यात ती दीड किलोमीटर आलेली असते. कयाकमध्ये बसल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर असतात. तुम्हाला बोट लहान दिसते आणि बोटवाल्याला तुम्ही दिसतच नाही, कारण तो मागे बसतो आणि वेगात पुढचं नाक वर उठलेलं असतं. म्हणून नाळ ओलांडताना सगळे एकत्र, सरळ काटकोनात, न रेंगाळता. पुढचा पोहोचला आणि मागचा मध्येच फोटो काढतोय असं चालणार नाही. भडक केशरी किंवा पिवळं जॅकेट आणि वल्ह्याच्या पात्यांना चमकदार रंग. पाचापेक्षा कमी नाहीत असे लागोपाठ छोटे भोंगे ऐकू आले, तर त्याचा अर्थ ‘तुमचा विचार काय आहे ते मला कळत नाही’. तत्काळ बाजूला व्हा.

पुलांखालून जाताना खांबांच्या मधोमध, प्रवाहाशी सरळ राहून जा. वाशीला रेल्वेचा आणि रस्त्यांचे मिळून खांबांच्या रांगामागून रांगा आहेत. एका रांगेमागचा भोवरा तुम्हाला पुढच्या रांगेवर ढकलतो. उधाणाच्या ओहोटीत तिथे नवख्याच्या वल्ह्याचं काही चालत नाही. भांगाला तीच जागा निवांत असते, पुन्हा तिथीचाच प्रश्न.

सुरक्षेच्या दृष्टीने बंद असलेली जागा म्हणजे बंदच. ट्रॉम्बेचा भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, नौदलाच्या हद्दी, जेएनपीटीचे धक्के यांच्या जवळपासही जायचं नाही. २६/११ नंतर मच्छीमारांनाही ओळखपत्रं देण्यात आली. तुम्हीही आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा, आणि उतरण्याआधी सागरी पोलिसांना किती जण, कुठून कुठे हे कळवा.

फ्लेमिंगोंबद्दल थोडं जास्त सांगते, कारण कयाक घेणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात तेच चित्र असतं: गुलाबी थवा आणि मध्ये आपण. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान खाडीच्या पश्चिम अंगाचा जवळपास १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, कयाक कितीही शांत असली तरी. पक्षी जवळून बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट जाते, ती घ्या.

हद्दीबाहेरही फ्लेमिंगो भेटतात. त्यांचा दिनक्रमही भरतीवर चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरतात आणि भरती वाढली की नेरूळ, सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. भांगाच्या भरतीला मात्र वरचा चिखल पुरता बुडत नाही, त्यामुळे काही थवे खाडीच्या कडेलाच राहतात. म्हणजे माझ्या आवडत्या दिवसांचा हा एक तोटा आहे, आणि तो भरून काढायचा तर मधली नाळ सोडायची नाही. मी दोनशे मीटरच्या आत जात नाही. त्याहूनही अंतर जास्त हवं की नको हे पक्षीच सांगतात. चोची चिखलातून वर आल्या, माना ताठ झाल्या, सगळा थवा एका दिशेने चालू लागला, तर तुम्ही जास्तच जवळ आलात. वल्हं थांबवा आणि मागे फिरा. उडेपर्यंत थांबून व्हिडिओ काढणाऱ्याला मी पुन्हा सोबत नेत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हे पक्षी लांबच्या परतीच्या प्रवासाआधी चरत असतात. त्या दिवसांत उगाच उडवलेला थवा आपली कमावलेली चरबी खर्च करतो.

तिवरांच्या आतल्या अरुंद वाटांत शिरू नका. पाणी उतरलं की वळायला जागा राहत नाही.

चिखलात अडकलात तर खाली उतरू नका, हे सर्वांत आधी. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय ओढताना दुसरा मांडीपर्यंत जातो. कयाकमध्येच बसून राहा, पाणी प्या, डोकं झाका, बंदरावर फोन करा, भरतीची वाट बघा. सहा तास लागू शकतात. म्हणून प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी हवं, एक लिटरची बाटली नको. उतरावंच लागलं तर कयाकला धरून, वजन पसरून, पोटावर सरका. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, तेव्हा पायात नाडीचे बूट असू द्या. खाडीच्या पाण्यात सांडपाणी आहे. जखम झाली तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन चालू ठेवा.

वारा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, हलका. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो वायव्येकडून चांगला जोर धरतो. भरतीचं पाणी त्याच वेळी उत्तरेला चढत असेल तर वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा लाटांत नवशिके उलटतात. दहाच्या आत कयाक जमिनीवर आलेली बरी.

साहित्याबद्दल फार बोलत नाही. लाइफ जॅकेट अंगात आणि बंद केलेलं हवं, कयाकवर बांधलेलं नव्हे. शिट्टी जॅकेटलाच. फोन पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत, अंगावर. ओढायचा दोर गटात किमान दोघांकडे. अंधार पडायची शक्यता असेल तर पांढऱ्या उजेडाची विजेरी हाताशी ठेवा. वल्ह्याच्या होडीने निदान एवढं बाळगावं असं नियमच सांगतात. आणि प्रत्येकाला उलटलेल्या कयाकवर पाण्यातून परत चढता आलं पाहिजे. ते आधी तलावात शिका. येत नसेल त्याने खाडीत येऊ नये, मग पोहणं कितीही चांगलं असो.

मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. त्यांच्या जोडीला बंदरावरच्या होडीवाल्या एखाद्या माणसाचा फोन हवाच. खाडीच्या आतल्या फाट्यांत तुम्ही कुठे आहात हे त्याला दोन वाक्यांत सांगता येतं आणि तो ओहोटीतही पोहोचायची वाट जाणतो.

राहिला पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात खाडी रिकामी दिसते म्हणून काहींना कयाकचा मोह होतो. पण वर पाऊस झाला की उल्हास नदीचं आणि नाल्यांचं पाणी एकदम उतरतं, ओंडके, प्लास्टिक, मेलेली जनावरं घेऊन येतं, आणि ओहोटीची ओढ तिथीचा हिशेब मोडून वाढते. लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही याच महिन्यांत. मी मेअखेर कयाक धुऊन, सावलीत पालथ्या घालून ठेवते. नारळी पौर्णिमेचा दिवस कोळीवाड्याचा, त्या दिवशी बोलावलं तर पाहुणे म्हणून जायचं, कयाक न घेता. त्यानंतरही पाणी निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबर उजाडला, वारा फिरला की पहिल्या अष्टमीला सुरुवात करा, आणि त्याआधी त्या महिन्याच्या तारखा बंदरावर देऊन या.